सातारा एमआयडीसीतील गॅरेज : इंजिनामागची कूलंट गळती शोधण्याचे काम

जुन्या डिझेल गाडीचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी होते, पण ते जाते कोठून हे सापडत नाही, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतील एका लहानशा गॅरेजचा विचार जरूर करावा. दोन लेथ वर्कशॉपांच्या मधल्या गाळ्यात हे गॅरेज आहे. आत तीन गाड्या कशाबशा मावतात आणि चौथी आली की ती बाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहते. नाव कोठे लिहू नका, असे मालकांनीच बजावल्यामुळे ते येथे देत नाही. ‘आहेत तीच कामं उरकंनात, सर,’ हे त्यांचे त्यावरचे उत्तर होते आणि गाळ्यातली गर्दी पाहता ते खोटे म्हणता येणार नाही. वसाहतीत स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानात ‘पाण्याची गळती शोधणारे वस्ताद’ एवढे विचारले तरी पत्ता मिळतो.

आमची गाडी 2009 सालची, एमएच-11 पासिंगची, आडव्या इंजिनाची डिझेल हॅचबॅक. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि पर्यावरण करही भरला, तेव्हा ती इतक्यात विकायची नाही हे घरात ठरलेलेच होते. त्यानंतरच्या हिवाळ्यात कूलंटच्या बाटलीतील पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेकडे हळूहळू उतरू लागली. गाडीखाली डबके साचत नव्हते, तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडत नव्हता, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता आणि डिपस्टिकवरच्या ऑइलला दुधाळ रंगही आलेला नव्हता. सकाळी बॉनेट उघडल्यावर येणारा किंचित गोडसर वास आणि गिअरबॉक्सच्या माथ्यावर वाळलेला हिरवट पांढरा डाग, एवढाच काय तो पुरावा होता.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण या बाबतीत अनेकांची गल्लत होते. एसी लावून गाडी थांबवली की डाव्या बाजूला खाली जे स्वच्छ पाणी ठिबकते, ते हवेतील बाष्पाचे असते आणि त्याने काही बिघडत नाही. कूलंट मात्र बोटांत चोळले की बुळबुळीत लागते, त्याला रंग असतो आणि ते वाळल्यावर मागे पूड राहते. त्यातील इथिलीन ग्लायकॉल हे गोड चवीचे पण विषारी द्रव्य असल्यामुळे ते चाटून पाहू नये आणि ज्यांच्या अंगणात कुत्री-मांजरे किंवा लहान मुले आहेत त्यांनी तर सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे.

पातळी थोडीशीच उतरते, मग वरून भर घालत गाडी का चालवू नये, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. सपाटीवर राहणाऱ्याने तसे काही दिवस ढकलले तर चालेलही, परंतु साताऱ्यातून कोठेही निघाले तरी घाट चुकत नाही. पुण्याहून परतताना खंबाटकी, महाबळेश्वरला जाताना पसरणी किंवा केळघर, कासला जाताना यवतेश्वर. चढावर इंजिन सर्वांत जास्त उष्णता निर्माण करते आणि गाडीचा वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला समोरचा वारा सर्वांत कमी मिळतो. शिवाय उंची वाढते तसा पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. पाचगणीच्या सुमारे 1300 मीटर उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी 95-96 अंश सेल्सिअसलाच उकळते. गाडीतील कूलंट उकळत नाही, याचे कारण त्यात निम्मे ग्लायकॉल असते आणि बाटलीचे झाकण आत साधारण एक बार (सुमारे एका वातावरणाइतका) एवढा दाब धरून ठेवते. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू दाबाविना 107 अंशांच्या आसपास असतो, तो या दाबामुळे 125 अंशांच्या पुढे जातो. गळती कितीही बारीक असली तरी ती सर्वप्रथम हा दाब खाते. कूलंट पुरेसे दिसत असतानाही घाटात ते उकळण्याचा धोका असतो, तो यामुळे. आणि पातळी फारच खाली गेली तर तापमानाचा सेन्सर द्रवात न राहता वाफेत येतो, काटा खाली दिसतो आणि चालवणारा निर्धास्त राहतो. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, वाकल्याच्या बहुतेक कहाण्यांत ‘काटा तर बरोबर होता’ हे वाक्य असते, ते उगीच नव्हे.

या गॅरेजकडे येण्याआधी गाडी आणखी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. पहिल्या ठिकाणी बाटलीचे झाकण बदलले आणि पुढच्या बाजूच्या, म्हणजे हाताला सहज लागणाऱ्या, होस पाइपांच्या क्लिपा आवळून दिल्या. दुसऱ्या ठिकाणी दाब भरून गळती तपासणारा प्रेशर पंप लावला खरा, परंतु गाडी नुकतीच घाट उतरून आलेली, गरम होती. दाब टिकला, बाहेर काही दिसले नाही, तेव्हा ‘बाहेर जात नाही म्हणजे आत जातंय’ असा निष्कर्ष काढून हेडखालच्या पॅकिंगचे, म्हणजे हेड गॅस्केटचे, बत्तीस हजारांचे तोंडी एस्टिमेट हाती ठेवले गेले. परिचितांपैकी एकाने रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकण्याचा जुना उपाय सुचवला. हळद गरम पाण्यात फुगते आणि बारीक भोक काही काळ बुजवते हे खरे आहे, पण भोक कोणते आणि रेडिएटरची किंवा हीटरची बारीक नळी कोणती, हे तिला कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या गळती बुजवणाऱ्या पावडरींबद्दलही माझे हेच मत आहे. रानात अडकलेल्या माणसाने घरापर्यंत पोहोचण्यासाठी त्या वापराव्यात, दुरुस्ती म्हणून नव्हे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिने रेडिएटरमध्ये जावे म्हणून खचितच नाही.

आता मूळ विषय. गाडी घेऊन गेलो तेव्हा मालकांनी बॉनेट उघडून पाहिले, डागाला हात लावला नाही, उलट हेल्परला तो पुसू नकोस म्हणून दटावले आणि मला दोनच गोष्टी विचारल्या : पातळी रोज गाडी वापरली तर जास्त उतरते की उभी ठेवली तर, आणि उन्हाळ्यात हीच तक्रार होती का. उन्हाळ्यात नव्हती, असे सांगताच त्यांनी गाडी रात्रभर ठेवून जायला सांगितले. ‘गरम गाडीवर बघून काय सापडायचं नाही, सर. थंड असताना बघू. पाना मग लावू.’ पुढचे सगळे काम या तीन वाक्यांच्या क्रमाने झाले आणि माझ्या मते या गॅरेजची खरी गुणवत्ता तीच आहे. येथे खोलण्यापेक्षा बघण्यात जास्त वेळ जातो आणि त्या बघण्याचे पैसे वेगळे घेतले जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. हवेत चांगलाच गारठा होता आणि इंजिन हाताला थंडगार लागत होते. बाटलीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून त्याच्या घड्याळावर एक बार दाब येईपर्यंत हवा भरली आणि सर्वांना गाडीपासून दूर उभे राहण्यास सांगितले. काटा हळूहळू, पण स्पष्टपणे खाली सरकत होता; वीसेक मिनिटांत तो 0.7 वर आला. आदल्या ठिकाणी गरम इंजिनावर जो दाब तसाच राहिला होता, तोच येथे थंड इंजिनावर टिकत नव्हता.

याचे कारण मालकांनी समजावले ते असे. इंजिनात जेथे धातूची नळी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात, खोचलेली असते, तेथे तिच्याभोवती रबराची ओ-रिंग असते. नवी असताना ती लवचिक असते आणि फट सदैव भरून ठेवते. वर्षानुवर्षे उष्णता खाल्ल्यावर ती कडक आणि चपटी होते. रबर थंडीत लोखंडापेक्षा कितीतरी जास्त आकसते, त्यामुळे गारठ्यात तिच्याभोवती केसाएवढी फट पडते. इंजिन तापले की ती पुन्हा फुगून फट बुजवते. म्हणजे सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे दाब वाढत असतो, रिंग अजून आखडलेली असते आणि त्या अवधीत कूलंट पाझरते. पाझरलेले कूलंट पुढे तापलेल्या धातूवरच वाळून जाते, त्यामुळे जमिनीवर थेंब पडत नाही. उन्हाळ्यात तक्रार का नव्हती आणि घाटातून आलेल्या गाडीत दोष का दिसला नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आली.

तरीही त्यांनी हेड गॅस्केटची शक्यता नुसत्या बोलण्यावर सोडून दिली नाही. इंजिन सुरू करून बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचेची नळी धरली. कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू मिसळत असतील तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे हे द्रव रंग बदलते. ते निळेच राहिले. बत्तीस हजारांच्या एस्टिमेटचा निकाल त्या एका नळीत लागला. इतकी स्वस्त आणि सोपी चाचणी हेड उतरवण्याचा सल्ला देण्याआधी सर्रास का केली जात नाही, हे मला कळलेले नाही.

दाब कमी होतो हे कळले तरी नेमकी जागा दिसणे बाकी होते. गिअरबॉक्सवरचा डाग फसवा होता, कारण द्रव उताराने वाहत येऊन जेथे साचते तेथे डाग पडतो, जेथून निघते तेथे नव्हे. इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत यांच्यामध्ये या गाडीत जेमतेम तळहाताएवढी जागा आहे आणि तीही वरून इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डने झाकलेली. मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा त्यांनी वायरिंगच्या कडेकडेने आत सोडला. पडद्यावर आधी केवळ धूळ, ऑइलचा काळा थर आणि वायरीच्या चिकटपट्ट्या दिसत होत्या. मग ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या, हीटरकडे जाणाऱ्या लोखंडी नळीच्या कडेला पांढऱ्या पुडीचे कडे दिसले आणि त्या कड्याच्या खालच्या बाजूला हिरवा थेंब भरू लागला. तो फुगला, नळीच्या बुंध्यावर क्षणभर टेकला आणि खाली घरंगळला. थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा. मालकांनी ते चित्रीकरण मला पाठवून दिले. खर्चाचा आकडा त्यांनी त्यानंतरच उच्चारला.

खोलण्याच्या कामाबद्दल थोडक्यात सांगता येणार नाही, कारण मजुरी त्याचीच आहे. बॅटरीची तार काढली, दाब उतरवून कूलंट स्वच्छ कॅनमध्ये काढून घेतले, वायपरखालची प्लास्टिकची जाळी, एअर फिल्टरचा डबा, ईजीआरची (धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी) नळी आणि शेवटी मॅनिफोल्ड असा वरूनच रस्ता केला. इंजिन खाली उतरवण्याची गरज पडली नाही. मॅनिफोल्डचे मागचे बोल्ट डोळ्यांना दिसतच नाहीत. लांब एक्स्टेन्शनला वळणारा जॉइंट आणि त्यापुढे गोटी (सॉकेट) लावून, दुसऱ्या हाताने चाचपत ते सोडवावे लागतात. हे काम मालक स्वतः करतात, हेल्परला देत नाहीत. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या संध्याकाळीच तेल मारून ठेवलेले असल्यामुळे एकही तुटला नाही. मॅनिफोल्ड निघताच हेडमधील उघड्या तोंडांत त्यांनी स्वच्छ फडकी कोंबली आणि किती कोंबली ते खडूने पत्र्यावर लिहून ठेवले, म्हणजे बंद करताना एखादे आत राहायला नको. गॅरेज पारखायचे असेल तर मी यापुढे अशा गोष्टी पाहीन. भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहणार नाही.

नळी सरळ ओढली तर ब्लॉकमधील तोंडाला ओरखडा पडतो, म्हणून ती डावी-उजवीकडे फिरवत बाहेर घेतली. जुनी ओ-रिंग नखाने दाबताच मोडली. नळीचे टोक जेथे रिंगवर बसते तेथे गंजाने खड्डे पडलेले होते. नुसती रिंग बदलून ती परत बसवली असती तर गळती थांबली असती, पण पुढच्या हिवाळ्यापर्यंतच, असे मालकांचे म्हणणे पडले. ही नळी सुटी मिळते का, याची चौकशी त्यांनी माझ्यासमोर फोनवरून केली; इतक्या जुन्या मॉडेलसाठी ती लगेच मिळण्याजोगी नव्हती. चोरबाजारातील वापरलेली नळी आणण्यास त्यांनी नकार दिला, कारण तीही तेवढीच जुनी आणि त्याच जागी गंजलेली असणार.

शेजारच्या लेथवाल्याचा उपयोग येथे झाला आणि एमआयडीसीत गॅरेज असण्याचा फायदाही येथेच कळला. नळीचे खराब टोक कापून टाकले, त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा तुकडा लेथवर उतरवून त्यावर रिंगसाठी खाच घेतली आणि तो मूळ नळीला ब्रेझिंगने (वितळलेल्या धातूच्या झाळणीने) जोडला. खाचेची खोली लेथवाल्याने कॅलिपरने मोजली, मालकांनी पुन्हा मोजली आणि त्यावरून दोघांची थोडी बाचाबाचीही झाली. खाच खोल झाली तर रिंग दबत नाही, उथळ राहिली तर बसवताना कापली जाते. त्यामुळे हा वाद फुकटचा नव्हता. जोडल्यानंतर नळीचे एक टोक बंद करून, दुसऱ्यातून हवा भरून ती पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिली. बुडबुडा आला नाही तेव्हाच ती गाडीकडे गेली.

रिंगच्या बाबतीत एक तांत्रिक तपशील महत्त्वाचा आहे. काळ्या दिसणाऱ्या सगळ्या ओ-रिंगा सारख्या नसतात. दुकानात सहज मिळणारी नायट्राइल रबराची रिंग ऑइल आणि डिझेलसाठी चांगली, पण गरम कूलंटमध्ये ती लवकर कडक होते. कूलंटसाठी ईपीडीएम रबराची रिंग लागते आणि ती मात्र ऑइल किंवा ग्रीस लागले की फुगून निकामी होते. त्यामुळे बसवताना येथे ग्रीस न लावता रिंग कूलंटमध्येच भिजवून घेतली. सिलिकॉनचा थर देण्याचा मोहही टाळला, कारण जास्तीचे सिलिकॉन आत सुटून थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेत, अडकते.

त्याच अडगळीत आणखी दोन लहान होस पाइप होते. ते गळत नव्हते, पण टोकांना चिरा दिसत होत्या. ते बदलण्याआधी मला फोन करून विचारले आणि मी होकार दिला, कारण पुन्हा तेथवर हात पोहोचवायचा तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली असती. ब्लॉकच्या भिंतीतील पत्र्याचे गोल बूच, ज्याला कोअर प्लग म्हणतात, तेही गंजाने असेच गळू शकते. ते त्यांनी घासून, टोच्याने ठोकून पाहिले आणि ‘हे चांगलं आहे, याला हात लावायचा नाही’ असे सांगितले. बदललेल्या गोष्टींइतकाच मला हा नकार महत्त्वाचा वाटला. क्लिपांच्या बाबतीतही त्यांचे मत ठाम आहे : मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा शाबूत असतील तर त्याच ठेवाव्यात, कारण रबर तापून फुगले, निवून आकसले तरी त्यांची पकड सारखी राहते, स्क्रूची पट्टी एकदा आवळली की तेवढ्यावरच थांबते आणि काही दिवसांनी पुन्हा आवळावी लागते.

कूलंट भरताना बोअरवेलचे पाणी वापरले नाही, हे सांगण्यासारखे आहे. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की घरातील गीझर त्याची साक्ष देतो, आणि तेच क्षार इंजिनात थर धरतात. गाडी उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट निम्मे आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे, असे मिश्रण भरले. कूलंटचा रंग पाहून ते निवडू नये, कारण हिरवा किंवा गुलाबी हा रंग कोणत्याही एका प्रमाणाने ठरलेला नाही आणि दोन प्रकार मिसळले तर गंजरोधक घटकांचा परिणाम कमी होऊ शकतो. भरताना गाडीचे तोंड जॅकने उंच केले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि आतली हवा निघून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवले. या कामात घाई केली तर हवेचा कोंडमारा होतो, मग गळती नसतानाही गाडी तापते आणि गाडीमालक म्हणतो, दुरुस्ती फसली.

चाचणीसाठी मालकांनी गाडी स्वतः समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वर घाटात नेली, मी शेजारी बसलो होतो. चढावर एसी चालू, गिअर खालचा, आणि लक्ष काट्यापेक्षा गाडीच्या संगणकाशी जोडलेल्या लहान यंत्रावरील आकड्याकडे. तापमान नव्वदीच्या आसपास राहिले, पंखा वेळेवर लागला आणि बंद झाला. परत आल्यावर गाडी सोडून दिली नाही. पुन्हा रात्रभर ठेवली आणि सकाळी थंड इंजिनावर पुन्हा दाब भरला. या वेळी काटा हलला नाही.

खर्च असा झाला : तपासणीचे 700, मजुरी 6,000, लेथ आणि ब्रेझिंगचे 1,100, रिंग, मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि दोन होस मिळून 1,850, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर 1,350, एकूण 11,000 रुपये. तपासणीचे 700 रुपये कामाच्या बिलातून वजा होत नाहीत, यावरून माझ्यासमोर एका ग्राहकाने हुज्जत घातली. मला ते पैसे सर्वांत योग्य जागी गेलेले वाटतात. शोधण्याचे पैसे द्यायचे नाहीत असे ग्राहकाने ठरवले की गॅरेजवाल्यालाही न शोधता काहीतरी बदलण्यातच फायदा दिसतो. बदललेल्या वस्तूचे पैसे मागता येतात, लावलेल्या डोक्याचे नाहीत. माझ्या गाडीचे झाकण असेच बदलले गेले होते.

आता उणिवा. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळत नाही, हे गृहीत धरूनच जावे. लेथवाल्याचे काम अडले तेव्हा मला कोणी कळवले नाही, मीच जाऊन विचारले. मालकांचे हात कायम ग्रीसमध्ये असल्यामुळे फोन उचलला जात नाही आणि संध्याकाळी सातनंतरच बोलणे होते. बसायला एक मोडके बाक आहे, तेही बहुतेक वेळा कोणाच्या तरी बंपरने अडवलेले. सुरुवातीचा अंदाज तोंडी होता; लेखी मागितल्यावर त्यांनी एका जुन्या डायरीच्या पानावर लिहून दिला, आणि आकडा शेवटी पाचशे रुपयांनीच वाढला, पण ज्यांना छापील जॉब कार्डाची सवय आहे त्यांना हे खटकेल. स्टीअरिंगवर आणि दाराच्या आतल्या बाजूला काळे ठसे तसेच होते, ते मला घरी पुसावे लागले. इतक्या नीटनेटक्या कामानंतर सीटवर एक प्लास्टिक टाकायला काय हरकत होती, असे वाटल्याशिवाय राहिले नाही.

उलट बाजूला, काढलेले सर्व जुने भाग, मोडलेल्या रिंगच्या तुकड्यांसह, पिशवीत घालून न मागता परत दिले. जुने कूलंट गटारात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये साठवले जाते, हेही पाहिले. कामाची हमी सहा महिन्यांची, तीही बिलावर हाताने लिहिलेली, आणि त्यात नळीचा जोड व दोन्ही होस धरलेले आहेत. रेडिएटर आणि वॉटर पंप धरलेले नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितले होते. त्यानंतर गाडी पसरणी आणि खंबाटकी दोन्ही घाटांतून बऱ्याचदा गेली आहे, एक थंडीही सरली आहे, आणि बाटलीवर मारलेल्या मार्करच्या रेघेपासून पातळी हललेली नाही.

सर्व्हिसिंग, ऑइल बदलणे, ब्रेक पॅड अशा नेहमीच्या कामांसाठी मी येथे जाणार नाही, ती कामे गावात लवकर आणि सोयीने होतात. जेथे दोष दिसत नाही आणि दोन जणांनी दोन वेगळी मते दिली आहेत, अशाच कामासाठी हे गॅरेज आहे. जाणाऱ्याने गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन सोडावी, जाण्यापूर्वी इंजिन धुऊन घेऊ नये, कूलंट शेवटचे कधी आणि कोणते भरले ते सांगता आले तर सांगावे आणि अंदाज लेखी मागून घ्यावा. मागितला तर ते नाही म्हणत नाहीत.